चार पिशव्या माती

सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला चांदोलीचं रान, पूर्वेच्या टोकाला जतचा माळ. मधून कृष्णा. गाडीनं एका दिवसात पार होईल एवढंच अंतर. वाटेत आपण चार ठिकाणी वीतभर खोल खड्डा घेणार आहोत आणि अर्धा अर्धा किलो माती पिशवीत भरणार आहोत.

पहिली पिशवी चांदोलीची. तांबूस माती, वर पालापाचोळ्याचा जाड थर. मूठभर उचलली की बुरशीचा ओला वास येतो. पाऊस इतका, की मातीतला चुना धुऊन जातो आणि ती जराशी आंबट होते. पण नांगर इथं लागलेला नाही. झाडाचं पान झाडाच्याच बुंध्याशी कुजतं.

आता खाली उतरू या. कृष्णाकाठ. वर्षानुवर्षं ऊस, उसावर खोडवा, पुन्हा ऊस. इथली काळी माती चिकण, पाणी धरून ठेवणारी. नदीवरून उपसलेलं पाणी पाटानं सोडलं की ते मुरतं, पण निचरून जात नाही. भूजल वर चढत येतं. मग ऊन ते पाणी केशिकांमधून वर ओढतं. पाण्याची वाफ होते, पण त्यातलं मीठ कुठं जाणार? ते वरच बसतं. उन्हाळ्यात बांधावर उभं राहिलं तर रान पांढरं दिसतं. लोक म्हणतात, क्षारपड झालं.

पुढची पायरी चोपण. मातीच्या कणांना सोडियम चिकटला की कण एकमेकांना सोडतात. सामू, म्हणजे माती आंबट की खारट-अल्क हे सांगणारा आकडा (pH), साडेआठच्या वर जातो. भिजली की माती राड होते आणि वाळली की दगड. अशा रानात जिप्सम घालतात, खाली सच्छिद्र पाइप पुरून निचरा काढतात. कसबे डिग्रजचं संशोधन केंद्र याच दुखण्यावर काम करतं. उपाय चालतो, खर्चिक असला तरी. फक्त पाइपातून निघालेलं खारं पाणी ओढ्यात जातं आणि ओढा नदीला मिळतो, हे बोलताना आपण जरा आवाज खाली आणतो.

तिसरी पिशवी तासगावची, द्राक्षबागेतली. डावणी या वेलीवरच्या रोगाच्या भीतीनं इथं बोर्डोची फवारणी होते. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदात तांबं असतं. पानावरून ते पावसानं गळतं, मातीत पडतं आणि वरच्या थरातच अडकून राहतं. नत्रासारखं ते उडून जात नाही, पीकही त्यातलं फार थोडं उचलतं. चुनखडीच्या रानात मुळांना त्याचा त्रास तितका जाणवत नाही. पण गांडुळांना आणि सूक्ष्मजीवांना जाणवतो. बाग जितकी जुनी, तितका साठा मोठा.

चौथी जतची. जिरायत ज्वारीचं रान, खाली मुरूम. बाहेरून काही फारसं पडलेलं नाही म्हणून ही माती स्वच्छ, पण दुबळी. सेंद्रिय कर्ब कमी, कारण कडबाही गुरांसाठी उचलला जातो. एका वळवानं वरचा थर ओघळीतून वाहून जातो.

या पिशव्या प्रयोगशाळेत गेल्या, तर मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा आकडे येतील. त्यात सामू आहे, क्षारता आहे, सेंद्रिय कर्ब आहे. म्हणजे कृष्णाकाठचं दुखणं कागदावर दिसेल. तांबंही आहे, पण ते मोजतात पिकाला कमी पडतंय का हे बघायला. बागेत जास्त झालंय का, हा प्रश्न पत्रिका विचारत नाही. शिसं आणि कॅडमियम यादीतच नाहीत. शिशाचं पेट्रोल 2000 साली बंद झालं, पण वर्दळीच्या जुन्या रस्त्यांच्या कडेला बसलेलं शिसं अजून मातीतच आहे. आणि कॅडमियम फॉस्फेट खतातून थेंबाथेंबानं येतं.

जतमधल्या आपल्या खड्ड्यापासून काही अंतरावर म्हैसाळ योजनेचा कालवा आहे. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उपसून इथवर आणलंय. कालव्याच्या खालच्या अंगाला, जिथं परवापर्यंत शाळूची ताटं होती, तिथं उसासाठी सऱ्या सोडल्या आहेत.