डफ तापवावा लागतो

पत्रिकेवर विषय छापलाय, 'अमर शेख: गळा आणि लेखणी'. त्याकडे येतोच. पण शाहीर रामजोशींच्या या सोलापुरात शाहिरावर बोलायचं, तर आधी डफाचं बोलू द्या.

एकोणिसाव्या वर्षी मी एका कलापथकात झीलकरी होतो, म्हणजे शाहिरामागं झील, सूर धरणारा. बार्शीकडं एका गावात श्रावणात कार्यक्रम होता. दिवसभर भुरभुर. डफाचं कातडं ओलावून सैल पडलेलं, थाप मारली की ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज. शाहिरांनी कुणाकडून तरी कडब्याच्या दोन पेंढ्या मागून घेतल्या, देवळामागं जाळ केला आणि डफ त्यावर फिरवत बसले. जवळ न्यावा तर कातडं करपतं, लांब धरावा तर ओल जात नाही. मधेच टिचकी मारून कान लावायचे. तेवढ्यात संयोजकांचा माणूस आला. "पाहुण्यांना निघायचंय, पोवाडा पाच मिनिटांत आटपा." शाहीर जाळावरची नजर न काढता म्हणाले, "दादा, अजून डफच बोलंना, मी काय बोलू?"

सुरुवातीचा गण झाला, पोवाड्याचा पहिला चौक, म्हणजे पहिलं कडवं झालं आणि माईक बंद केला. पुढची भाषणं दीड तास चालली! मला ते आजही खुपतं. पुढारी येईस्तोवर गा, आला की थांबा. शाहिराला आपण एवढंच समजतो का?

माझं म्हणणं असं, की शाहीर लिहितो तो लोकांसमोर. ज्या ओळीला समोरून झील उठत नाही, ती पुढच्या गावाला गळते. बार्शीला अडखळलेला शब्द मोहोळला बदललेला असतो. हे लेखनच आहे. कुणी म्हणो न म्हणो.

चिठ्ठी आली. बरं, भरभर सांगतो. अमर शेख म्हणजे मूळचे महबूब हुसेन पटेल, जन्म बार्शीचा, २० ऑक्टोबर १९१६. आई मुनेरबी. मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार, संप, तुरुंग. १९४४ मध्ये शाहीर अण्णाभाऊ साठे आणि शाहीर गवाणकरांसोबत लाल बावटा कलापथक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदानं त्यांच्या आवाजानं भरली. आवाज पहाडी होता, म्हणून सगळे गळ्याचीच आठवण काढतात. पण 'कलश' आणि 'धरतीमाता' हे कवितासंग्रह त्यांचेच. ते उघडून बघा. मोठ्यानं वाचा, मनात नको. श्वास कुठं घ्यायचा ते ओळच सांगते. त्यावर खरं तर तासभर हवा होता.

१९६९ साली १८ जुलैला अण्णाभाऊ गेले. बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ अपघातात अमर शेख गेले. आपण पुण्याला जातो त्याच वाटेवरचं इंदापूर.

मी बसतो. पोरं मागं डफ घेऊन कधीची थांबलीत. त्यांना पाच मिनिटं देऊ नका, पुरता पोवाडा म्हणू द्या.