सिंगर बिल्डिंग: शिलाई मशीनवाल्यांचा मनोरा

न्यूयॉर्क. ब्रॉडवे आणि लिबर्टी स्ट्रीटचा हा कोपरा. समोर दिसते ती काळ्या पोलादाची, ५४ मजली वन लिबर्टी प्लाझा. याच जागेवर १९०८ साली जगातली सर्वात उंच कार्यालयाची इमारत उभी राहिली: ४७ मजले, ६१२ फूट.

मालक कोण? सिंगर. हो, तीच! आजीच्या काळ्या शिलाई मशीनवर सोनेरी अक्षरांत जिचं नाव असायचं, ती कंपनी. धंद्याची ओळख त्यांनी इमारतीच्या प्रवेशदालनातही मिरवली. संगमरवरी खांबांवर काशाची मोठी पदकं होती. काहींवर कंपनीची आद्याक्षरं, तर काहींवर चक्क सुई, दोरा आणि बॉबिन.

वास्तुविशारद होते अर्नेस्ट फ्लॅग. गंमत म्हणजे त्यांना गगनचुंबी इमारतींचा रागच होता. सगळ्यांनीच जागा भरून उंच बांधलं, तर खाली रस्त्यावर ऊन पोचणार कसं, असा त्यांचा सवाल. उंच जायचंय तर जा, पण भूखंडाच्या एक चतुर्थांश भागावरच, असं ते सांगत. म्हणून हा मनोरा सडपातळ ठेवला; रुंदी जेमतेम ६५ फूट.

उंचीचा मान वर्षभरातच मेट्रोपॉलिटन लाइफ टॉवरने हिरावला. ते चालायचंच. फ्लॅग यांचा विचार मात्र टिकला. १९१५ मध्ये जवळच इक्विटेबल बिल्डिंगचा अवाढव्य ठोकळा उभा राहिला, आसपास अंधारलं, आणि १९१६ च्या बांधकाम नियमांत मनोऱ्यासाठी हीच एक चतुर्थांशाची मर्यादा आली.

पण बाजाराला सडपातळपणा परवडेना. मनोऱ्याच्या एका मजल्यावर सव्वाचार हजार चौरस फूट. त्यातही लिफ्ट आणि जिने. साठच्या दशकात कंपन्यांना मैदानासारखे मजले हवे होते. सिंगरने जागा सोडली, पुढे ती युनायटेड स्टेट्स स्टील या पोलाद कंपनीकडे गेली. शहरात वारसा जतन आयोग १९६५ पासून होता, तरी या इमारतीला संरक्षण मिळालं नाही. संरक्षित वास्तूचा दर्जा दिला तर गिऱ्हाईक शोधायची किंवा इमारत विकत घ्यायची पाळी शहरावर येईल, ही भीती. इतक्या नामांकित वास्तूसाठी हे कारण फारच तोकडं वाटतं.

१९६७ मध्ये पाडकाम सुरू झालं. मालकाने स्वतःहून पाडलेली इतकी उंच इमारत तोवर जगात दुसरी नव्हती. हा विक्रम पुढे अर्धशतक टिकला. २०१९ मध्ये पार्क अव्हेन्यूवरची ७०७ फुटी इमारत पाडायला घेतली, तेव्हा तो मोडला.

नव्या मालकाला, म्हणजे युनायटेड स्टेट्स स्टीलला, इथे जादा बांधकाम हवं होतं. त्या बदल्यात त्याने शेजारीच, लोकांसाठी मोकळी जागा सोडली. तेच आजचं झुकोटी पार्क. २०११ मध्ये आर्थिक विषमतेविरुद्धच्या ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’ आंदोलनवाल्यांनी तंबू ठोकले ते इथेच.