होडी दाखवायची की होडीबांधणी?

(होडी बांधणाऱ्या कारागिरांच्या प्रादेशिक प्रदर्शनाच्या तयारीत, तिथे व्याख्याने आणि प्रात्यक्षिके देणाऱ्यांसमोर झालेले भाषण. शब्दांकन करताना थोडे संपादित केले आहे.)

मंडळी, जागा ठरली, गाळे वाटून झाले, कोणाची होडी दरवाजासमोर लागणार तेही ठरलं. राहिला तो व्याख्यानांचा आणि प्रात्यक्षिकांचा भाग. होडीबांधणीच्या बहुतेक प्रदर्शनांत तो असाच शेवटी राहतो. मग कोपऱ्यातली एखादी खोली, थोड्या खुर्च्या, एक पडदा आणि त्यावर एकामागून एक चित्रं, एवढ्यावर भागवलं जातं. मला आज त्याबद्दलच बोलायचं आहे, कारण माझ्या लेखी प्रदर्शन भरवण्याचं मुख्य कारण तेच आहे. तयार होडी धक्क्यावर कधीही बघायला मिळते. पण ती बांधताना कुठली फळी का नाकारली, सांधा इथेच का घेतला, इथे खिळा न मारता स्क्रू का घातला, हे सगळं रंगाखाली गेलेलं असतं. ते बांधणाराच सांगू शकतो. आणि बांधणाऱ्या माणसाच्या हातात रंधा असला की तो जेवढं मोकळेपणाने सांगतो, तेवढं ध्वनिक्षेपकासमोर उभा राहून कधीच सांगत नाही.

म्हणून माझं मागणं एकच आहे. तुमचं व्याख्यान त्या खोलीतून बाहेर काढा आणि कामाच्या मेजाशी आणा.

असं केल्याने काय साधतं हे बघायचं असेल तर डेन्मार्कमधल्या रोस्किल्डकडे बघा. तिथल्या खाडीच्या तळातून १९६२ साली व्हायकिंग काळातल्या पाच जहाजांचे अवशेष वर काढले. पुढे तिथल्या संग्रहालयाने त्यांच्या प्रतिकृती बांधायला स्वतःचा कारखाना उभारला आणि बघायला येणाऱ्यांसाठी तो खुला ठेवला. त्या जहाजांच्या ओकच्या फळ्या करवतीने कापलेल्या नव्हत्या. ओंडका पाचरी ठोकून मधोमध फोडायचा, मग अर्ध्याचे दोन, त्यांचे पुन्हा दोन, असं करत गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या फाळी काढायच्या आणि कुऱ्हाडीने तासायच्या. अशा फळीत तंतू आडवे तुटत नाहीत, म्हणून ती पातळ ठेवूनही मजबूत राहते. बांधणाऱ्यांना हे समजलं ते जुन्या लाकडावरच्या हत्यारांच्या खुणा वाचून, तशीच हत्यारं घडवून आणि ती चालवून. सर्वांत लांब युद्धनौकेची सुमारे तीस मीटरची प्रतिकृती २००४ साली पाण्यात उतरली आणि २००७ साली मुख्यतः शिडं आणि वल्ही यांच्या जोरावर डब्लिनला पोहोचली, कारण मूळ जहाज अकराव्या शतकात त्याच परिसरात बांधलेलं होतं. २०२१ साली युनेस्कोने नॉर्डिक देशांतली, फळीवर फळीची कड चढवून होडी बांधण्याची परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्या यादीत गेली ती बांधण्याची रीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता आपल्या मेजांकडे येऊ. सर्वांत जास्त गर्दी होते ती लाकूड वाफवून वाकवण्यासाठी वापरतात त्या वाफेच्या पेटीपाशी, तेव्हा तिच्यापाशी जरा थांबतो. लाकडाच्या तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारं लिग्निन ओल्या उष्णतेत, १०० अंश सेल्सियसच्या आसपास, मऊ पडतं. कामावरचा नेहमीचा हिशेब असा की दर २५ मिलिमीटर जाडीला एक तास वाफ. हा तास हेच तुमचं व्याख्यान. लाकूड पेटीत सारलं की बोलायला लागा. तंतूंची रेघ फळीच्या कडेशी समांतर का हवी, गाठ कुठे चालते आणि कुठे नाही, भट्टीत वाळवलेलं लाकूड वाकवायच्या कामाला का नको, हे सगळं त्या तासात येतं. आणि एक गोष्ट जरूर समजावून सांगा, कारण ती ऐकल्यावर माणूस लाकडाकडे वेगळ्या नजरेने बघतो. वाफवलेलं लाकूड दाबून घ्यायला तयार असतं, ताणून घ्यायला नसतं. लांबीच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे ताणलं की बाहेरचे तंतू उचकटतात. म्हणून कडक वळण घ्यायचं असेल तर बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी घट्ट बसवतात. पट्टी बाहेरची बाजू ताणू देत नाही, मग आतली बाजू दबते आणि वळण साधतं.

तास भरला की प्रेक्षकांतल्या दोघा-तिघांना जाड हातमोजे द्या आणि त्यांच्याकडूनच ती वाफवलेली बरगडी, म्हणजे होडीच्या सांगाड्याची वाकवलेली आडवी पट्टी, साच्यावर बसवून घ्या. पेटीचं दार उघडल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आत ती बसली पाहिजे, नाहीतर लाकूड हट्टाला पेटतं. ही घाई शब्दांत सांगता येत नाही, ती अंगावर यावी लागते. त्याच पेटीत मुद्दाम दुसराही एक तुकडा ठेवा, वाळलेला आणि तिरक्या रेघेचा. तो मोडेल. मोडू द्या, आणि मोडलेला तुकडा लोकांमध्ये फिरवा. भेग कुठल्या रेघेवरून गेली ते त्यांना बोटाने चाचपू द्या. लाकूड निवडण्यावर पडदा लावून कितीही चित्रं दाखवली तरी त्या भेगेएवढं शिकवून होणार नाही.

पूर्ण मापाच्या आखणीचंही तसंच आहे. नकाशा कागदावर लहान असतो, त्याच्यातली केसभर चूक होडीवर बोटभर होते, म्हणून जमिनीवर पांढरा रंग दिलेलं प्लायवुड अंथरून होडीच्या रेषा खऱ्या मापात आखतात. मापांच्या टिंबांवर खिळे, खिळ्यांना टेकवलेली लवचीक लाकडी पट्टी, बस्स. मग जमिनीला गाल लावून पट्टीच्या रोखाने बघायचं. कुठे पोक आलं असेल तर ते वरून दिसत नाही, असं बघितलं की लगेच दिसतं. हे काम मुलांना द्या. त्यांची नजर जमिनीच्या जवळ असते आणि त्यांना आडवं व्हायला संकोच वाटत नाही. एक खिळा मुद्दाम पाच मिलिमीटर सरकवून ठेवा आणि तो कुठला ते त्यांना शोधू द्या.

बोटांनी बघण्याचा विषय निघालाच आहे तर हेरेशॉफ बंधूंचं नाव घ्यायलाच हवं. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात, ब्रिस्टल इथे, त्यांची कंपनी १८७८ साली सुरू झाली. धाकटे नथॅनिएल लाकडाच्या ठोकळ्यातून होडीच्या एका बाजूचा नमुना कोरत, त्यावरून मापं घेत आणि ती वाढवून होडी बांधली जाई. १८९३ ते १९२० या काळात अमेरिकाज कप या शिडाच्या नौकांच्या शर्यतींत त्या करंडकाचं सहा वेळा रक्षण केलं ते त्यांनी आखलेल्या नौकांनी. थोरले भाऊ जॉन ब्राऊन हेरेशॉफ यांची दृष्टी किशोरवयातच गेली होती. ते नमुन्यावरून तळहात फिरवून आकार पारखत आणि कंपनी चालवत. आपल्या प्रदर्शनात नमुन्यांवर ‘हात लावू नका’ अशी पाटी असेल तर ती काढून टाका, ही माझी कळकळीची विनंती आहे. दोन नमुने शेजारी ठेवा, एक भरपूर ओझं वाहणाऱ्या होडीचा आणि एक वेगवान होडीचा. कापडाखाली झाकून ठेवले तरी चालेल. लोकांना फक्त हाताने ओळखू द्या की पाणी कुठल्या आकारावरून सहज सरकेल.

लहान मुलांसाठी तरंगण्याचे प्रयोग सगळीकडे असतात. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची होडी करायची, तिच्यात नाणी भरत जायची, कोणाची शेवटी बुडते ते बघायचं. प्रयोग चांगला आहे, पण तो तरंगण्यावरच थांबतो. त्याच पाण्यात पुढची पायरी घ्या. तीच नाणी तळाशी ठेवून होडी एका बाजूला कलवा, मग मधोमध बुचांची चळत उभी करून तिच्यावर नाणी ठेवा आणि पुन्हा कलवा. वजन तेवढंच, होडी तीच, पण दुसऱ्या वेळी ती उलटते. तिथे त्यांना वासा या स्वीडिश युद्धनौकेची गोष्ट सांगा. निघण्यापूर्वी तिची चाचणी घेतली होती. तीस खलाशांना डेकवर या काठाकडून त्या काठाकडे पळायला लावलं, नौका इतकी डोलायला लागली की चाचणी मध्येच थांबवावी लागली. तरीही १० ऑगस्ट १६२८ रोजी ती स्टॉकहोमहून निघाली आणि जेमतेम १३०० मीटर जाऊन बुडाली. १९६१ साली ती वर काढली तेव्हा तिच्यात सुतारांच्या मोजपट्ट्याही सापडल्या. काही बारा इंचांच्या स्वीडिश फुटाच्या, काही अकरा इंचांच्या ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या. बुडण्याचं कारण वरच्या भागाचं जास्त वजन हेच, पण त्या पट्ट्या मोठ्यांनाही दाखवण्यासारख्या आहेत. अशा दोन मापांच्या पट्ट्या करून दोघांना एकाच होडीच्या दोन बाजू आखायला सांगा. काम वाटून घेताना आधी माप एक करून घ्यायचं असतं, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

प्रत्येक प्रदर्शनात एक मेज खराब झालेल्या वस्तूंचं असावं असं मी आग्रहाने म्हणतो. समुद्राच्या पाण्यात राहिलेला पितळी स्क्रू आणा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खारं पाणी त्यातलं जस्त खाऊन टाकतं, मागे राहतं ते गुलाबी, सच्छिद्र तांबं. स्क्रू दिसायला धड असतो आणि पकडीने पिळला की मोडतो. शेजारी कांस्याचा स्क्रू ठेवा आणि दोन्ही लोकांनाच पिळू द्या. कुजलेली फळी आणा, तिच्यात टोच्या घुसवू द्या. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारं पाणी तितकंसं मानवत नाही, तिला डेकवरून झिरपून साचलेलं पावसाचं गोडं पाणी आणि कोंडलेली हवा लागते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली ठेवला तर ती वाढत नाही. म्हणून हवा खेळती ठेवण्यावर बोलायची जागा हीच. फ्रान्समध्ये रोशफोर इथे १९९७ पासून अठराव्या शतकातल्या एर्मिओन या युद्धनौकेची प्रतिकृती लोकांच्या नजरेसमोर बांधली गेली. बघायला येणाऱ्यांच्या तिकिटांचा तिच्या खर्चात मोठा वाटा होता. २०१५ साली ती अटलांटिक ओलांडून अमेरिकेला जाऊन आली, आणि २०२१ साली तिच्या सांगाड्यात बुरशी आढळली आणि तिला गोदीत उघडावं लागलं. इतक्या काळजीने बांधलेल्या जहाजावर ही वेळ येते, तेव्हा दुरुस्ती हा बांधणीइतकाच मानाचा विषय धरला पाहिजे. आपल्या वेळापत्रकात दुरुस्तीला अजून फार कमी जागा आहे.

सुरक्षिततेवर वेगळं भाषण ठेवलं की ऐकायला कोणी येत नाही, म्हणून ते प्रत्येक मेजावर वाटून टाका. इपॉक्सी ही राळ हाताळणाऱ्याने हातमोजे घालताना सांगावं की त्वचेला एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही. घासकाम करणाऱ्याने मुखपट्टी लावूनच बोलावं. तेल चोळून दाखवणाऱ्याने जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी गोळा करून फेकू नये, ती आपोआप तापून पेट घेते. ती पसरून वाळवावी किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकावी, आणि हे लोकांच्या देखत करावं.

आता झटपट होडी बांधण्याचा कार्यक्रम. प्लायवुडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे, सांध्यांवर राळेत भिजवलेली काचतंतूची पट्टी बसवायची, ही पद्धत घराघरांत पोहोचली ती १९६२ सालच्या मिरर या होडीमुळे. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी आखलेली ही सव्वातीन मीटरची छोटी शिडाची होडी एका ब्रिटिश वृत्तपत्राच्या नावाने निघाली आणि आजवर तशा ७०,००० हून अधिक बांधल्या गेल्या. सुतारकाम कधी न केलेल्यांनीही त्या बांधल्या, म्हणून हा कार्यक्रम मला ठेवायचाच आहे. पण राळ पक्की व्हायला प्रदर्शनाचा एक दिवस पुरत नाही. तेव्हा तुकडे आधी कापून, भोकं पाडून ठेवा. शिवणकाम पाहुण्यांकडून करून घ्या, कारण सपाट तुकडे तार आवळताच होडीचा आकार घेतात, तो क्षण त्यांच्या हातून घडला पाहिजे. राळेचं काम एका वेगळ्या, आदल्या दिवशी शिवून ठेवलेल्या सांगाड्यावर तुम्ही करून दाखवा. पाण्यात उतरवायची ती तिसरी, पूर्ण पक्की झालेली होडी, आणि तीही उथळ पाण्यात, बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असेल तरच.

प्रश्नोत्तरांना शेवटची पाच मिनिटं राखून ठेवू नका. माणूस फळीला हात लावताना जो प्रश्न विचारतो, तो नंतर रांगेत उभा राहून विचारत नाही. मध्येच विचारलं तर काम थांबवून उत्तर द्या, वेळापत्रक थोडं सरकलं तरी चालेल. म्हणूनच दोन प्रात्यक्षिकांमध्ये मी अर्धा-अर्धा तास मोकळा ठेवला आहे.

पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येकाने मला तीन गोष्टी कळवाव्यात: मेजावर कोणतं काम चालू असेल, त्यातला कोणता भाग पाहुण्यांच्या हाती देणार, आणि मोडलेलं किंवा कुजलेलं काय सोबत आणणार. मेजाची उंची, वीज आणि पाणी यांची सोय त्यावरूनच करायची आहे. वाफेच्या पेटीवाल्यांनी आधी कळवा, कारण तुमची जागा उघड्यावर आणि वाऱ्याच्या आडोशाला लागेल.