डिमरस्टॅटचा चोक करताय? आधी त्याची कोअर बघा

नमस्कार मंडळी. जालन्यातलं असो की परभणीतलं, रिवायंडिंगच्या दुकानात डिमरस्टॅट, म्हणजे नॉब फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर, असतोच. मग वाटतं, करंट अडवायला वेगळा चोक (कोअरवर गुंडाळलेली कॉइल) कशाला? फेज एका टोकाला, ब्रशवरून (नॉबबरोबर वेढ्यांवर सरकणारा तुकडा) लोड, म्हणजे चालवायचं उपकरण, झाला बॅलास्ट, म्हणजे चोकच! जोडणी होते हो, पण करंट हातात राहत नाही.

(झाकण काढलेला डिमरस्टॅट जवळून)

ही गोल कोअर, म्हणजे वेढ्यांच्या आतलं लोखंड, बघा. पट्टी अखंड गुंडाळलेली, कुठेही फट नाही. सगळे वेढे सिरीजमध्ये असले तर लोड शॉर्ट असूनही अर्धा अँपिअर जात नाही. आता नॉब फिरवून वेढे निम्मे करा. तेच 230 व्होल्ट निम्म्या वेढ्यांवर पडले की कोअर सॅच्युरेट होते, म्हणजे तिच्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, आणि करंट अडवायला उरतो तांब्याचा रेझिस्टन्स, तो अगदीच किरकोळ. म्हणून बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग एकदम एमसीबी ट्रिप. तेवढ्यात ब्रश जिथं टेकलाय तिथला ट्रॅक काळा पडलेला असतो.

याहून जिवावरचं म्हणजे वाइंडिंगचं मोकळं सोडलेलं दुसरं टोक. पाव वेढ्यांवर 60 व्होल्ट असले तरी पूर्ण वाइंडिंगवर 240 उभे राहतात. लोड शॉर्ट झाला की त्याच्याही कितीतरी वर. त्या टोकाला हात लावू नका.

मग करायचं काय? डिमरस्टॅटला त्याचं व्होल्टेजचंच काम द्या, करंट अडवायला चोक वेगळा घ्या. जुन्या स्ट्रीटलाइटमधला 400 वॅट सोडियम दिव्याचा तांब्याचा चोक उत्तम. त्याच्या कोअरमध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते, म्हणून तो लवकर सॅच्युरेट होत नाही. इग्नायटर (दिवा पेटवणारा भाग) काढून टाका, फक्त चोक घ्या.

डिमरस्टॅट 8 अँपिअरचा, त्याच्या आधी 6 अँपिअरची एमसीबी. फेज-न्यूट्रल इनपुटला. ब्रशवरून चोक, चोकमधून लोड, लोडवरून न्यूट्रल. क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) चोकच्या वायरवर. सुरुवात शून्यावरून.

चोकचा इम्पीडन्स (एसी करंटला होणारा अडथळा) साधारण 39 ओहम. लोड पूर्ण शॉर्ट असला तर 120 व्होल्टला 3 अँपिअर, 180 ला 4.6. चोक 4.6 अँपिअरचाच आहे, तेव्हा शॉर्ट लोडवर 180 च्या पुढं नेऊ नका. आपल्याकडं शेतीचे पंप बंद झाले की व्होल्टेज चढतं, म्हणून नॉबच्या आकड्यावर जाऊ नका, मीटर बघा.

आणि डिमरस्टॅट आयसोलेशन देत नाही, म्हणजे लोडला मेन लाइनपासून वेगळं करत नाही. नॉब शून्यावर असला तरी फेज-न्यूट्रल उलटे जोडले असतील तर लोडवर फेज असतो. वायरला हात लावण्याआधी प्लग काढा.