ग्लेंडाबाईंचं काम

मंडळी, नमस्कार. व्याख्यान ग्लेंडा जॅक्सन या इंग्लिश अभिनेत्रीवर आहे, पण सुरुवात आपल्या एका शब्दापासून करतो. नाटक सुटल्यावर नाट्यगृहाच्या पायऱ्या उतरताना आपण 'अभिनय उत्तम झाला' असं सहसा म्हणत नाही. आपण म्हणतो, 'काय काम केलंय बाईनं!' कुणाचे आजोबा 'पूर्वी नाटकात कामं करायचे'. भूमिकेला, नोकरीला आणि धुण्याभांड्यांनाही आपल्याकडे एकच शब्द आहे, आणि या बाईंची गोष्ट सांगायला मला त्याहून बरा शब्द सापडलेला नाही.

जन्म 9 मे 1936, बर्कनहेडचा. लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावरचं हे गोदी कामगारांचं गाव. वडील गवंडी. आई दुकानात काम करायची, लोकांच्या घरी साफसफाईला जायची. चार मुलींत ग्लेंडा थोरली. नाव ठेवलं हॉलिवूडच्या ग्लेंडा फॅरेलवरून. एवढाच काय तो सिनेमाशी संबंध. शाळा सुटली आणि पोरगी 'बूट्स' नावाच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहिली. दोन वर्षं. संध्याकाळी हौशी नाटकं. मग शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या राडा या नाट्यशिक्षण संस्थेत गेली. तिथल्या प्राचार्यांनी तिला काय सांगितलं? तुझा चेहरा नायिकेचा नाही, चाळिशीपर्यंत फारशा कामाची अपेक्षा ठेवू नकोस. विशीच्या आतबाहेरच्या मुलीला हे ऐकवायचं! पण तो सल्ला अगदीच खोटा नव्हता. पुढची काही वर्षं फिरत्या कंपन्यांतली छोटी कामं, आणि काम नसेल तेव्हा मिळेल ती नोकरी, अशीच गेली.

1964 मध्ये त्या दिग्दर्शक पीटर ब्रूक यांच्या हाताखाली आल्या. ब्रूक म्हटलं की आपल्याला त्यांचं 'महाभारत' आठवतं, पण ते वीस वर्षांनंतरचं. तेव्हा ते रॉयल शेक्सपिअर कंपनीत 'मारा/साद' हे नाटक बसवत होते. वेड्यांच्या इस्पितळातले रुग्ण फ्रेंच राज्यक्रांतीतल्या एका खुनाचं नाटक करतात, अशी रचना. ग्लेंडाबाईंचं काम एका झोपाळू रुग्णाईत मुलीचं, जी नाटकात शार्लोट कॉर्दे होते, म्हणजे खून करणारी. एका प्रसंगात तिने साद या माणसाला चाबकाने फोडायचं आहे. ब्रूकनी चाबूक दिलाच नाही. बाईंनी आपले लांब केस सोडले आणि मानेला झटका देऊन ते त्याच्या उघड्या पाठीवर मारले. संथ, पुन्हा पुन्हा. या प्रयोगाचा 1967 मध्ये सिनेमा निघाला, त्यात हा प्रसंग पाहता येतो. केस इतके मऊ असतात, पण बघणाऱ्याची पाठ हुळहुळते. रंगभूमीवर वस्तू नसतानाच ती जास्त दिसते, हे आपल्या तमाशातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

सिनेमाचा काळ मी भराभर उरकतो, कारण तो सगळ्यांना ठाऊक असतो. 'विमेन इन लव्ह'साठी पहिलं ऑस्कर, 1973 च्या 'अ टच ऑफ क्लास'साठी दुसरं. यातलं दुसरं गमतीचं आहे. मोरकम आणि वाइज या विनोदी जोडीच्या टीव्ही कार्यक्रमात बाईंनी क्लिओपात्राची फार्सिकल टर उडवली होती. ती पाहून दिग्दर्शकाला वाटलं, ही विनोदीही करू शकते, आणि त्याने सिनेमा दिला. दोन्ही वेळा पुरस्कार घ्यायला त्या गेल्या नाहीत. बाहुल्या आईकडे ठेवल्या. माउलीने त्या इतक्या घासल्या की वरचा सोन्याचा मुलामा निघून खालचा धातू दिसायला लागला, असं बाई हसत सांगायच्या. आयुष्यभर लोकांची घरं लख्ख करणारी बाई ती. घरात आलेली पितळेसारखी वस्तू नुसती कशी ठेवेल!

आणि 1992 मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, हे सगळं बंद. मजूर पक्षातर्फे त्या उत्तर लंडनमधून संसदेवर निवडून गेल्या. त्या निवडणुकीत पक्ष हरला, बाई जिंकल्या. आपल्याकडेही नट खासदार होतात. काही जण सभागृहात दिसतात, काही पोस्टरवर. या बाईंनी मात्र तेवीस वर्षं मतदारसंघ सांभाळला. 1997 ते 1999 वाहतूक खात्यात कनिष्ठ मंत्री होत्या. पुढे इराक युद्धावरून स्वतःच्याच पंतप्रधानांशी भांडल्या. 2010 ची निवडणूक अवघ्या 42 मतांनी जिंकल्या. 2013 मध्ये माजी पंतप्रधान थॅचरबाईंना श्रद्धांजली वाहायला सभागृह भरलं, तेव्हा सगळे सुरात सूर मिळवत असताना या उठल्या आणि त्या राजवटीत आपल्या मतदारसंघातल्या दवाखान्यांचं, शाळांचं काय झालं याचा पाढाच वाचला. समोरच्या बाकांवरून आरडाओरडा. शेवटी म्हणाल्या, पहिल्या स्त्री पंतप्रधान म्हणता, ठीक, पण बाई? माझ्या हिशेबाने नाही. मृत व्यक्तीबद्दल त्याच आठवड्यात असं बोलावं का, यावर दुमत होऊ शकतं. माझंही मन थोडं कचरतं. पण तो आवाज ऐका. सभागृहातल्या गोंधळावरून वाक्याचा शेवटचा शब्द मागच्या भिंतीपर्यंत पोचतो. ते शिक्षण संसदेतलं नव्हे.

2015 मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच वर्षी, ऐंशीव्या वर्षी, लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात शेक्सपिअरचा लिअर राजा म्हणून उभ्या राहिल्या. पंचवीस वर्षं रंगमंचावर पाऊल नाही, आणि पुनरागमन थेट लिअरने! आपल्याला लिअर भेटतो तो बराचसा 'नटसम्राट'मधून. शिरवाडकरांनी 1970 मध्ये लिअरचं दुःख एका म्हाताऱ्या नटाच्या अंगात घातलं आणि डॉक्टर लागूंनी ते काम केलं. ते काम किती दमवणारं असतं, हे इथे बसलेल्या जुन्या प्रेक्षकांना माहीत आहे. बाईचं काम पुरुषाने करणं आपल्याला नवं नाही, बालगंधर्व घरोघर आहेत. इथे उलटं होतं. पण बाईंनी दाढी लावली नाही, राजाची राणीही केली नाही. तिथे बाई की पुरुष हा प्रश्नच ढिला पडला. यामागचं कारण त्यांनी सांगितलं होतं ते मला फार आवडतं. खासदार म्हणून त्या वृद्धाश्रमांना भेटी द्यायच्या. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की वय वाढलं की बाई आणि पुरुष यांच्यामधल्या रेषा पुसट होत जातात. म्हणजे मतदारसंघातल्या फेऱ्या त्या तालमीच्या वहीत घेऊन आल्या. संसदेतली ती तेवीस वर्षं वाया गेली असं हळहळणाऱ्या नाट्यरसिकांना माझं हे उत्तर असतं.

त्यानंतर 2018 मध्ये 'थ्री टॉल विमेन'साठी ब्रॉडवेवर टोनी पुरस्कार, 2019 मध्ये तिथेही लिअर. त्याच वर्षी बीबीसीवर 'एलिझाबेथ इज मिसिंग', स्मृतिभ्रंश झालेल्या आजीचं काम, त्याला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार. शेवटचा सिनेमा मायकेल केन यांच्याबरोबर. 15 जून 2023 ला लंडनमध्ये त्या गेल्या. सिनेमा नंतर ऑक्टोबरात लागला.

जाता जाता, पाहायचं काय असं नेहमी विचारतात म्हणून सांगतो. बीबीसीची 1971 ची, पहिल्या एलिझाबेथ राणीवरची 'एलिझाबेथ आर' ही मालिका मिळवा. सहा भाग आहेत. चौतीस वर्षांच्या बाईंनी त्यात राणी किशोरवयापासून एकोणसत्तराव्या वर्षापर्यंत नेली आहे. टकलाची टोपी चढवण्याऐवजी त्यांनी कपाळावरचे स्वतःचे केस काढून टाकले होते. घाई असेल तर पहिला भाग पाहा आणि लगेच सहावा लावा. मधले चार नंतर पाहिलेत तरी चालेल.