ब्रोकोलीचा लगदा का झाला

(दृश्य: मोठी आच, कढई, क्लोजअप)

आवाज ऐका. चिकनचे पातळ काप कढईत पडले की आधी चर्रर्र होतं, आणि अर्ध्या मिनिटात तोच आवाज बदलून रटरट यायला लागते, कारण चिकनला पाणी सुटलंय. आता याच पाण्यात ब्रोकोली टाकली तर ती परतली जात नाही, उकडली जाते, आणि मग हे असं होतं. चमच्याने दाबून दाखवलंय मुद्दाम. आज बघायचंय ते हे, की कॉम्प्युटर चुकला तर आपण का चुकलो हे त्याला स्वतःला शोधता येतं का.

अमेरिकेत येल विद्यापीठात क्रिस्टियन हॅमंड नावाच्या संशोधकाने एक प्रोग्राम लिहिला होता, त्याच्याकडून नेमकी हीच चूक झाली. साल 1986, प्रोग्रामचं नाव शेफ. त्याच्याकडे कढई वगैरे काही नव्हती अर्थात, सगळा स्वयंपाक कॉम्प्युटरच्या आतच, आणि पदार्थाचं शेवटी काय झालं ते सिम्युलेटर, म्हणजे स्वयंपाकाची नक्कल करून बघणारा भाग, सांगायचा. त्याला बीफ आणि ब्रोकोली करायला सांगितलं. बीफ आणि फरसबीची रेसिपी त्याच्या मेमरीत आधीपासून होती, मग त्याने काय केलं, तर फरसबी काढली, ब्रोकोली घातली, झालं काम. आपण घरी करतो तसंच. (आम्ही शूट करतोय त्या खाण्याच्या गाडीवर चिकन आहे, पाणी दोन्हीला सुटतं.)

सिम्युलेटर म्हणाला, ब्रोकोली मऊ पडली.

(दृश्य: कढईतून ब्रोकोली झाऱ्याने बाहेर)

आता पुढचं नीट बघा कारण हा सगळा व्हिडिओ यासाठीच बनवलाय. नापास झालं म्हणून शेफने दुसरं काहीतरी ट्राय करून बघितलं नाही. तो मागे गेला. ब्रोकोली कुरकुरीत का नाही, तर ती पाण्यात परतली, पाणी कुठून आलं, तर बीफमधून, बीफ तिथे का होतं, तर दोन्ही एकाच वेळी कढईत होते. म्हणजे चूक ब्रोकोलीची नाही, बीफची पण नाही, दोघांना एकत्र परतण्याची आहे. मग दुरुस्ती आपोआप समोर आली, ब्रोकोली आधी परतून बाजूला काढायची, मग बीफ, आणि शेवटी दोन्ही एकत्र.

आम्ही गाडीवाल्या दादांना कॅमेऱ्यासमोर विचारलं, "दादा, ब्रोकोली आधीच का काढून ठेवली?" ते म्हणाले, "अहो पाणी लागलं की गेली ती." बास. शेफने पाच-सहा पायऱ्यांत जे शोधलं ते यांनी एका वाक्यात सांगितलं.

आणि शेफ इथे थांबला नाही. पुढच्या वेळी त्याला चिकन आणि स्नो पीज, म्हणजे त्या चपट्या हिरव्या शेंगा, असं काहीतरी सांगितलं तेव्हा त्याला आधीच कळलं की इथेही पाणी सुटणार, आणि त्याने थेट दुरुस्त केलेली रेसिपी उचलली. चूक एकदाच झाली. स्ट्रॉबेरी सुफ्ले, म्हणजे फेटलेल्या अंड्याचा फुगणारा गोड पदार्थ, फुगला नाही तेव्हाही तसंच, स्ट्रॉबेरीच्या रसाने ओलावा वाढला हे त्याने शोधलं आणि अंड्याचा पांढरा भाग वाढवला. (स्ट्रॉबेरीचे शॉट्स महाबळेश्वरचे आहेत, चांगले आलेत म्हणून ठेवलेत.)

शेफने केलं तसं स्वतःच्या विचारावर विचार करणं, याला मेटाकॉग्निशन म्हणतात. 1970 च्या दशकात जॉन फ्लॅव्हेल या मानसशास्त्रज्ञाने हा शब्द रूढ केला, आणि तो लहान मुलांबद्दल बोलत होता, मशीनबद्दल नाही.

(दृश्य: टेबलावर लाकडी ठोकळे, वरून कॅमेरा)

शेफच्याही आधीची गोष्ट. 1973, अमेरिकेतलं एमआयटी विद्यापीठ, जेराल्ड ससमनने पीएचडीसाठी लिहिलेला कॉम्प्युटर प्रोग्राम, नाव हॅकर. हे तीन ठोकळे बघा, लाल, हिरवा, निळा. आत्ता निळा लालच्या डोक्यावर बसलाय, हिरवा बाजूला. करायचं काय, तर लाल हिरव्यावर आणि हिरवा निळ्यावर. सोपं वाटतं ना? आधी लाल हिरव्यावर ठेवू म्हणून निळा खाली उतरवला, लाल ठेवला, पण आता हिरवा निळ्यावर न्यायचा तर लाल परत काढावा लागतो. बरं, उलट करू, आधी हिरवा निळ्यावर. ठेवला. आता लाल कुठेय? सगळ्यात खाली. आता सगळं उपसा.

एकेक काम सुटं बघितलं की बरोबर, दोन्ही एकामागून एक केली की गडबड. या कोड्याला आजही ससमन अ‍ॅनॉमली, म्हणजे ससमनची विसंगती, म्हणतात. हॅकर चुकायचा, मग आपण कुठल्या प्रकारचं चुकलो ते ओळखायचा आणि आपलाच कोड दुरुस्त करायचा. बग, म्हणजे कोडमधली चूक, हा कलंक नाही, शिकायची जागा आहे, असं ससमनचं म्हणणं होतं आणि मला ते शंभर टक्के पटतं.

(दृश्य: कुत्रा बॅगेवर भुंकतोय)

हा आमच्या सोसायटीतला, विमानतळावर शूटिंगची परवानगी कोण देतंय. 1990 च्या दशकात अटलांटाला, जॉर्जिया टेकमध्ये, मायकल कॉक्सने अश्विन राम यांच्यासोबत मेटा-अ‍ॅक्वा नावाचा प्रोग्राम बनवला, तो गोष्टी वाचायचा. एका गोष्टीत विमानतळावरचा कुत्रा प्रवाशाच्या सामानावर भुंकतो. प्रोग्रामला माहीत होतं की कुत्रे जिवंत, धोकादायक वाटणाऱ्या गोष्टींवर भुंकतात, आणि बॅग काही जिवंत नाही, तो अडकला. आधीच्या कुठल्यातरी गोष्टीवरून भलतंच कारण जोडून दिलं. पुढे गोष्टीत कळतं की बॅगेत ड्रग्ज होते. तेव्हा तो गोष्ट सोडून स्वतःकडे बघायला लागतो, माझं उत्तर चुकलं ते नेमकं कशामुळे? भुंकण्याबद्दलची माझी समजूत फार अरुंद होती, की वासाने शोधणाऱ्या कुत्र्याबद्दल मला काही माहीतच नव्हतं? बघितलं तर दोन्ही. आणि मग काय काय शिकायचं आणि कुठल्या क्रमाने, याचाही तो प्लॅन करतो, कारण शिकण्याच्या पायऱ्याही त्या ठोकळ्यांसारख्या एकमेकींच्या आड येतात.

हे सगळे प्रोग्राम छोट्या जगातले होते, एवढं मान्य करून पुढे जाऊ.

(दृश्य: लॅपटॉपची स्क्रीन, अक्षरं सरकतायत)

हे अलीकडचं. डीपसीक या चिनी कंपनीच्या आर-वनचं छोटं मॉडेल, म्हणजे प्रश्नाला लिहून उत्तर देणारं एआय, कोणीही डाउनलोड करून चालवू शकतं. आम्ही विचारलं, सात जणांनी एकमेकांशी एकदाच हात मिळवला तर किती वेळा हात मिळवले गेले. बघा, सात गुणिले सहा, बेचाळीस लिहिलं, आणि मग थांबलं, अरे, प्रत्येक जोडी दोनदा मोजली, म्हणजे एकवीस. हे स्क्रीनवर लाइव्ह बघताना भारी वाटतं, खोटं कशाला बोला.

पण हे थांबणं आलं कुठून? जानेवारी 2025 मध्ये डीपसीकने पेपर टाकला त्यात आर-वन-झीरो नावाचं मॉडेल होतं, त्याला सोडवून दाखवलेली गणितं दिलीच नव्हती, फक्त शेवटचं उत्तर बरोबर असेल आणि मांडणी ठरल्याप्रमाणे असेल तर बक्षीस. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या 2024 च्या एआयएमई या गणिताच्या परीक्षेत ते 15.6 टक्क्यांवरून 71 टक्क्यांवर गेलं, आणि वाटेत स्वतःच मागे वळून तपासायला शिकलं. कमाल आहे. फक्त चूक कुठल्या पायरीवर आणि का, हे त्याला कोणी सांगितलं नाही, आणि तेही आपल्याला सांगत नाही. पायरीपायरीला मार्क देण्याचा प्रयत्न चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने 2023 मध्ये केला होता, माणसांकडून जवळपास 8 लाख पायऱ्या तपासून घेतल्या, आणि फक्त अंतिम उत्तर तपासण्यापेक्षा ते चांगलं चाललं. मला विचाराल तर त्या वाटेवर अजून बरंच जायला हवं होतं.

2023 मध्येच गूगल डीपमाइंडच्या लोकांनी दाखवलं की बाहेरून काही इशारा न देता मॉडेलला नुसतं "परत तपास" म्हटलं तर बरोबर उत्तरंही ते बदलून चुकीची करतं. आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे खटले कोर्टात दिले, हे खरे आहेत ना असं त्यालाच विचारलं होतं, ते हो म्हणालं, 5000 डॉलर दंड झाला.

(दृश्य: स्क्रीन, विचार करतानाचा मजकूर, झूम)

हा जो करड्या अक्षरांतला मजकूर आहे, तो मॉडेलचा खरा विचार आहे का? 2025 मध्ये क्लॉड हे मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रोपिक कंपनीने प्रश्नातच उत्तराचा इशारा लपवून ठेवला आणि मॉडेल तो वापरल्याचं कबूल करतात का ते बघितलं. क्लॉड 3.7 सॉनेटने सरासरी 25 टक्के वेळा सांगितलं, आर-वनने 39 टक्के. बाकीच्या वेळी इशारा वापरला आणि त्याचा उल्लेखच नाही, आणि असं लपवलेलं स्पष्टीकरण सरासरीने जास्त लांबलचक होतं.