दहा मिनिटांचा सिनात्रा

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका छोट्याशा चित्रपटाविषयी बोलणार आहे. लांबी जेमतेम दहा मिनिटं. नाव ‘द हाउस आय लिव्ह इन’, देश अमेरिका, साल 1945. महायुद्ध नुकतंच संपलेलं. दिग्दर्शक मर्विन लरॉय, आणि पडद्यावर गायक फ्रँक सिनात्रा, स्वतःच्याच भूमिकेत.

सिनात्राचं रेकॉर्डिंग चालू आहे. मध्येच तो सिगारेट ओढायला मागच्या बोळात येतो, तर पोरांच्या एका टोळीनं एकट्या मुलाला घेरलेलं. काय रे, भानगड काय? तर म्हणे, याचा धर्म आम्हाला आवडत नाही. मुलगा ज्यू आहे.

सिनात्रा आधी त्यांची फिरकी घेतो. तुम्ही नाझी दिसताय, म्हणतो. पोरं उसळतात. एक जण तर म्हणतो, माझे वडील लढाईत जखमी झालेत! बरं, मग त्यांना रक्तद्रव चढवावा लागला असेल? हो, लागला ना. सिनात्रा त्या ज्यू मुलाकडे वळतो. तुझ्या घरचे रक्तपेढीत रक्त देतात का रे? तोही हो म्हणतो. कोण जाणे, याच्याच घरच्या रक्तानं तुझा बाप वाचला असेल! पोरं गप्प. माझ्या मते अख्ख्या चित्रपटातली सगळ्यात सकस जागा हीच. अल्बर्ट माल्ट्झ या पटकथाकारानं धर्मावर वाद घातलाच नाही, सरळ हिशेब मांडला.

पुढे मात्र माझं मन खट्टू होतं. सिनात्रा पोरांना एका बाँबर विमानाची गोष्ट सांगतो. वैमानिक ख्रिश्चन, बाँब टाकणारा ज्यू, दोघांनी मिळून जपान्यांची ‘हारुना’ ही युद्धनौका बुडवली. खरं तर ती नौका त्या हल्ल्यात बुडालीच नव्हती. पण ते सोडा. सहिष्णुतेचा धडा देतानाच जपान्यांना मात्र तो खुशाल हिणवतो. शिवाय बोळातली सगळी पोरं गोरी.

शेवटचं गाणं लिहिलं होतं एबेल मीरोपोल यानं. हा न्यूयॉर्कचा ज्यू शिक्षक. काळ्या लोकांना झुंडीनं झाडाला लटकवलं जाई, त्यावरचं ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गाणंही त्याचंच. काळे-गोरे शेजारी एकत्र राहतात, असं कडवं त्यानं या गाण्यातही घातलं होतं. चित्रपटात नेमकं तेच गाळलं. मीरोपोल भयंकर चिडला, आणि मला त्याचा राग अगदी रास्त वाटतो.

चित्रपटाला मानाचं ऑस्कर मिळालं. पण मग कम्युनिस्टांच्या शोधाची लाट आली. माल्ट्झनं अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे उत्तरं द्यायला नकार दिला आणि 1950 मध्ये तो तुरुंगात गेला. सुटल्यावरही हॉलिवूडची दारं त्याला बंदच होती. 1960 मध्ये सिनात्रानं एका नव्या चित्रपटाचा पटकथाकार म्हणून जाहीरपणे त्याचं नाव घेतलं. वर्तमानपत्रांनी गहजब केला, सिनात्रा ज्यांच्या प्रचारात होता त्या जॉन केनेडींच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला झळ बसेल असंही बोललं जाऊ लागलं. काही आठवड्यांत सिनात्रानं माघार घेतली. माल्ट्झला ठरलेलं मानधन पोचतं केलं, चित्रपट मात्र सोडून दिला.